एकटीने उभा करायचा तंबू

३ मार्च, मंगळवार

"हो" म्हणून बसले! का म्हटलं, देव जाणे.

टिटवीने जेवताना विचारलं होतं, "यंदा सुट्टीत तंबूत जायचं ना?" अगदी सहज. जणू मधे काही घडलंच नाही. दहा वर्षांची पोर, पाय लांबच लांब, तोंडाला खंड नाही, म्हणून टिटवी. हे नाव तिच्या बाबानेच ठेवलेलं. तो डाव्या हाताने चमच्यात घास गोळा करत होता. मान वर केली आणि म्हणाला, "उद्या."

तो सगळ्यालाच "उद्या" म्हणतो. सप्टेंबरात झटका आला, उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि शब्द सगळे गेले. एवढा एक राहिला. पाणी हवं, उद्या. पाय दुखतोय, उद्या. टीव्ही बंद कर — उद्या, उद्या, उद्या! कळतं त्याला सगळं, असं डॉक्टर म्हणतात. आतून निघतं ते बरोबर, तोंडापर्यंत येताना त्याचं "उद्या" होतं. वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलेला माणूस. दिवसभर बोलायचा, आणि उरलेलं घरी येऊन बोलायचा.

"उद्या नाही बाबा, मे महिन्यात," टिटवी म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

"हो, जाऊ," मी म्हटलं. मग भांडी घासली.

५ मार्च, गुरुवार

माळ्यावरून जुना तंबू काढला. चौदा काठ्या. प्रत्येकीला त्याने रंगीत चिकटपट्टी लावून ठेवलेली — लाल लालात, निळी निळ्यात. दोन पिवळ्या का आहेत ते त्यालाच ठाऊक. सात उन्हाळे हा तंबू त्याने उभा केला. माझं काम एकच, मधली काठी धरून उभं राहायचं. तंबू कसा उभा राहतो हे मी कधी पाहिलेलंच नाही, मी कायम आत असायचे, कापडाखाली, हात वर करून.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत टिटवीला घेऊन लावून पाहिला. तीन वेळा कोसळला. चौथ्या वेळी टिटवी आत होती. ती हसत बाहेर आली, मग माझा चेहरा बघून हसायची थांबली.

वर खिडकीत तो उभा होता. काचेवर डाव्या हाताने थाप मारत होता. धप धप धप. हात डावीकडे, हात खाली, पुन्हा डावीकडे. काहीतरी चुकत होतं माझं, आणि त्याला ते तिथून दिसत होतं. मी काठ्या पिशवीत भरल्या. पिशवीची चेन लागली नाही. तशीच वर नेली.

काही वाटलं नाही. वाईटसुद्धा नाही. पाठ मात्र दुखतेय.

६ मार्च, शुक्रवार

कामावर एका बाईची वरची कवळी पूर्ण केली. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं — "दात थोडे हसरे दिसावेत." बसवले हसरे.

११ मार्च, बुधवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तंबूंच्या दुकानात गेले. आमच्या दातांच्या कारखान्यापासून चार गल्ल्यांवर आहे. (तो नेहमी "दातांचा कारखाना" म्हणायचा. आम्ही लॅब म्हणतो.)

दुकानदार जाडा, गुलाबी, उत्साही. गळ्यात शिट्टी का घालतो कोण जाणे. "किती जणांसाठी?" तिघं. "कधी लावलाय का तंबू?" धरलाय, म्हटलं. त्याला विनोद वाटला.

मी सांगितलं — एका माणसाला लावता आला पाहिजे. कुणी काही धरायला नको. कुणाला काही विचारायला नको.

"मग हा घ्या, ताई! फेका आणि विसरा!" गोल चपटी पिशवी. पट्टा सोडायचा, हवेत भिरकावायची, खाली पडेपर्यंत तंबू तयार. त्याने करून दाखवलं. खरंच झाला! दोन सेकंद. शेजारच्या स्टोव्हच्या फळीला धक्का लागून तीन डबे पडले, पण झाला.

घेतला. कधी नव्हे ते पटकन काहीतरी घेतलं.

१४ मार्च, शनिवार

तंबू घरात उघडला!

टिटवीने "नुसता पट्टा बघते" म्हणून काढला, आणि तो सुटला. बैठकीच्या खोलीत, सोफा आणि टीव्हीच्या मधे. दिवा हलला, खुर्ची आडवी झाली. नणंद स्वयंपाकघरात होती, ती तिथेच अडकली. दारात निळं कापड टम्म फुगलेलं. "अगं, मला बाहेर काढा! दूध उतू जाईल!" — ती आतून, आणि टिटवी तंबूत शिरून लोळतेय. टिटवीचा बाबा सोफ्यावर होता. तंबूच्या मागे मला दिसत नव्हता, पण हसू ऐकू आलं. त्याचं ते जुनं, ठसक्याचं हसू. हसायला शब्द लागत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नणंद हसली, टिटवी हसली. मीही तसा आवाज काढला.

मग घडी. कागदावर चित्रं होती — आठचा आकार करा, मग दुमडा, मग पिळा. तासभर आठ केले. नणंद वर बसली, टिटवी वर बसली. तंबू सारखा निसटून कुणाच्या तरी तोंडावर यायचा. शेवटी दोरीने बांधला.

आणि खरी गोष्ट नंतर कळली. तंबूचं दार गुडघ्याएवढं. रांगत आत जावं लागतं. तो रांगू शकत नाही. हे माझ्या डोक्यात दुकानात आलं कसं नाही? तिघांसाठी म्हणाले होते की मी. तिसरा कोण, हे विसरले होते?

१५ मार्च, रविवार

नणंद निघताना जिन्यात थांबली. त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, रोज दुपारी येऊन त्याच्याजवळ बसते. तिच्याशिवाय माझी नोकरी टिकली नसती. माझा हात धरून म्हणाली, "तू रडली नाहीस गं अजून. एकदा रडून घे. मोकळी होशील."

मी म्हटलं, "रडेन, ताई."

"दुसरी कुणी असती तर केव्हाच सोडून गेली असती. माझा भाऊ नशीबवान."

हात सोडवून घेतला आणि वर आले.

१६ मार्च, सोमवार

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे!

मी जाणार होते. त्याला सोडून.

ऑगस्टमध्ये एक खोली भाड्याने घेतली. नदीच्या पलीकडे, शिंपीणबाईंच्या वरच्या मजल्यावर. एक खिडकी, एक ओटा, भिंतीत कपाट. टिटवीला शाळा तिथून जवळच. सगळा विचार केला होता. सप्टेंबरातल्या एका शनिवारी सांगायचं ठरवलं होतं, त्या दिवशी टिटवी मैत्रिणीकडे जाणार होती. त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी सकाळी, तो दाढी करताना पडला.

तो वाईट माणूस नाही. कधी हात उचलला नाही. दारू नाही. फक्त — मला बोलू दिलं नाही. पंधरा वर्षं. मी वाक्य सुरू करायचे, तो संपवायचा. त्याच्या शिकवायच्या गाडीत त्याच्या बाजूलाही ब्रेक होता ना, तसा घरातही होता. मी भाजी चिरायला घेतली की पाय ब्रेकवर. मी कुणाशी फोनवर बोलले की पाय ब्रेकवर. "अगं तसं नाही, तुला काय म्हणायचंय ते मी सांगतो." लोक म्हणायचे, किती काळजी घेतो! माझी ओळखच त्याच्याशी तशी झाली. मी बाविसाव्या वर्षी त्याच्याकडे गाडी शिकायला गेले होते. परवाना मिळाला, शिकवणी संपली नाही.

आणि मग एका सकाळी तो गप्प झाला.

मला दुःख व्हायला हवं होतं. सुटल्यासारखं वाटलं असतं तरी चाललं असतं, निदान स्वतःला शिव्या घालता आल्या असत्या. काहीच वाटलं नाही. रुग्णवाहिका आली, मी त्याची चप्पल पिशवीत घातली, गॅस बंद केला. तेव्हापासून तशीच आहे. दात बधिर करायचं इंजेक्शन देतात ना, गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही. तसं.

खोली अजून माझ्या नावावर आहे. का सोडली नाही, माहीत नाही. सोडायची ठरवली तर चिठ्ठी लिहावी लागेल. लिहिली नाही.

नशीबवान म्हणे!

१७ मार्च, मंगळवार

तो फेकायचा तंबू परत केला. दुकानदाराने दोरी सोडली आणि तो पुन्हा दुकानात उघडला. मी थांबले नाही.

२ एप्रिल, गुरुवार

आज त्याला दुकानात नेलं. टिटवीचा हट्ट. "बाबांना विचारल्याशिवाय कसा घ्यायचा?" गाडीतून उतरून, काठी टेकत, माझ्या खांद्यावर हात ठेवून, पन्नास पावलं. रस्त्यात दोनदा थांबलो.

दुकानदाराने हवेचा तंबू फुगवून ठेवला होता. काठ्याच नाहीत, कापडाच्या जाड नळ्या. पंपाने हवा भरायची. दार उंच, उभं राहून आत जाता येतं. आत खुर्ची ठेवून तो बसला. निळ्या उजेडात त्याचा चेहरा पंचवीस वर्षांच्या माणसासारखा दिसत होता.

दुकानदार माझ्याशीच बोलत होता, त्याच्या डोक्यावरून. "साहेबांना आवडला का?"

"उद्या," तो म्हणाला.

"उद्या? उद्या या की! दुकान उघडं आहे."

"उद्या, उद्या," हा मान हलवून. नाही, असं त्याला म्हणायचं होतं. तंबूच्या उंबऱ्याकडे बोट दाखवत होता.

"अहो म्हणूनच म्हणतो, घाई नाही!"

टिटवीला हसू आवरेना. मग तोही हसायला लागला. दुकानदार बिचारा काय झालं ते न कळून हसला. तिघं हसत होते आणि मी उंबरा पाहिला. कापडाची वीतभर उंच पट्टी, पाणी आत येऊ नये म्हणून. त्याचा उजवा पाय तेवढा उचलत नाही. आत गेला तेव्हा मीच धरलं होतं. तो बरोबर होता!

पिशवी उचलून पाहिली. मला दोन पावलंही नेता येईना. पंप मारला. पन्नासाव्या वेळी हात भरून आले, नळी अजून मऊच. नको म्हटलं.

बाहेर पडताना दुकानदार हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू? तुम्ही तंबू बघत नाही. तुम्ही तंबूतल्या खोडी बघताय."

असेल.

९ एप्रिल, गुरुवार

कामावरून लवकर निघाले आणि खोलीवर गेले. ऑगस्टनंतर दुसऱ्यांदा. किल्ली लागायला वेळ लागला. जमिनीवर धुळीचा पातळ थर, खिडकीतून ऊन. जमिनीवर बसले. इथे पलंग, इथे टिटवीचं टेबल, असं सगळं तेव्हा मनात मांडलं होतं. आज काही दिसलं नाही. भिंती आणि ऊन. खालून शिवणयंत्राचा आवाज.

तासभर बसले. कुणी काही सांगितलं नाही, कुणी दुरुस्त केलं नाही. हेच तर हवं होतं मला! मग घड्याळ पाहिलं, त्याच्या गोळीची वेळ झाली होती.

जिन्यात शिंपीणबाई भेटल्या. तोंडात टाचण्या. "सामान कधी आणताय?"

"उद्या," मी म्हटलं.

म्हटलं खरं! आणि रस्त्यात येऊन थांबले. हसू यायला हवं होतं. नाही आलं.

१३ एप्रिल, सोमवार

टिटवी शाळेतून आली ती गप्प. वर्गात कुणीतरी विचारलं, तुझे बाबा वेडे झालेत का. हिने त्या मुलीची चित्रकलेची वही फाडली. बाईंनी मला बोलावलंय.

तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "आई, तू घट्ट धरत नाहीस." मग घट्ट धरलं.

१८ एप्रिल, शनिवार

मिळाला.

छत्रीसारखा. काठ्या कापडालाच जोडलेल्या, वेगळं काही नाही. पसरायचा, मधल्या गाठीला वर ढकलायचं, आणि चार पाय एकेक करून खेचायचे. पाय पूर्ण लांबला की टक् असा आवाज येतो. चार टक् आणि तंबू उभा. दार माझ्याहून उंच. उंबरा चेनने निघतो, जमिनीला सपाट होतो. दोन बाजूंना खिडक्या. वजन मी पेलू शकते इतपत.

दुकानदाराने शिट्टी वाजवली! शेवटी कशासाठी ठेवली होती ते कळलं.

२१ एप्रिल, मंगळवार

लॅबच्या गच्चीवर सराव. आमचे साचे ओतणारे काका घड्याळ धरून उभे. अंगावर सगळीकडे प्लास्टर, भुवयासुद्धा पांढऱ्या. पहिल्यांदा अकरा मिनिटं. मग आठ. मग साडेसहा.

"पुरे की," काका म्हणाले. "शर्यत आहे का? घरी मदतीला माणसं नाहीत?"

"आहेत. पण मला एकटीला आला पाहिजे."

"ते कळलं हो. पण जाणार तिघं ना? मग बाकीच्या दोघांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

मी चौथा पाय खेचला. टक्. सहा मिनिटं.

काकांचं बोलणं दिवसभर डोक्यात होतं. मी तंबू तिघांच्या सहलीसाठी निवडला, की नंतर टिटवीला घेऊन दोघींनीच जाता यावं म्हणून? खरं सांगायचं तर दुसरंच. पहिल्या दिवसापासून दुसरंच. आणि तरी उंबरा पाहिला, दाराची उंची पाहिली. म्हणजे मला काय हवंय? मलाच माहीत नाही. चारदा उभा केला, चारदा पाडला.

३० एप्रिल, गुरुवार

नणंद म्हणते, जाऊ नका. "तिथे त्याला काही झालं म्हणजे? दवाखाना किती लांब? आणि तू एकटी!" तिचं बरोबर आहे. मी गोळ्यांची यादी केली, तिथल्या डॉक्टरांचा फोन लिहून घेतला, घडीचा कमोड घेतला. ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

८ मे, शुक्रवार

पोचलो. तळ्याकाठची जागा, उंच झाडं, लोकांचे सात-आठ तंबू. टिटवी आणि तो पाण्याकडे बघत बसलेत, मी गाडीत बसून लिहितेय.

वाटभर मी गाडी चालवली आणि तो शेजारी. वळण आलं की त्याचा डावा पाय खाली दाबला जायचा. तिथे ब्रेक नाही! मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. टिटवी मागून अखंड बडबडत होती, बरं झालं.

त्याला खुर्चीत बसवलं आणि तंबू काढला. पसरला, ढकलला, खेचला. टक्, टक्, टक्, टक्. खुंट्या ठोकल्या. शेजारच्या तंबूतले दोघं नवरा-बायको काठ्या जुळवत भांडत होते, ते भांडायचं सोडून बघायला लागले. साडेसहा मिनिटं! टिटवीने खरंच टाळ्या वाजवल्या.

तो उठला. काठी टेकत तंबूला फेरी मारायला लागला. प्रत्येक खुंटीजवळ थांबायचा, काठीने टोचून बघायचा, पुढे. चौथ्या कोपऱ्याला थांबला. काठी खुंटीवर आपटली. एकदा. दोनदा. माझ्याकडे बघून, "उद्या!" पुन्हा आपटली. खुंटी कलती लागली होती, त्याच्या मते उलट्या बाजूला.

आणि माझं काय झालं कुणास ठाऊक.

"राहू दे!" मी ओरडले. "हात लावू नकोस! मी लावलीय ती! मला कळतं!"

एवढ्या मोठ्याने की शेजारच्यांच्या हातातली काठी पडली. पाण्यावरचे पक्षी उडाले. झटका आल्यापासून मी त्याच्याशी एकदाही आवाज चढवून बोलले नव्हते. खरं तर त्याच्या आधीही नाही. सगळ्यांनी मला सांगितलं होतं, जप त्याला. मी जपलं. काचेसारखं, प्लास्टरच्या ओल्या साच्यासारखं जपलं. आणि आता एका खुंटीवरून!

तो तसाच उभा राहिला. ओशाळला नाही, चिडला नाही. माझ्याकडे बघत राहिला — बराच वेळ, नीट, जसं रस्त्यावर नवीन शिकणाऱ्याकडे बघायचा. मग काठी उचलली आणि खुर्चीत जाऊन बसला. खुंटीला हात लावला नाही.

टिटवी दोघांच्या मधे उभी. "आई," ती हळूच म्हणाली, "तू ओरडलीस."

"हो."

"बरं वाटलं?"

काय पोर आहे! मी म्हटलं, माहीत नाही. पण हात थरथरतोय. म्हणजे हाताला तरी काहीतरी वाटलंय.

९ मे, शनिवार

दुपारी जोराचा वारा आला. शेजाऱ्यांचा तंबू अर्धा बसला. टिटवी आणि मी धावत जाऊन त्यांचं कापड धरलं. आमचा जागेवर. चौथी खुंटीही. मी मुद्दाम जाऊन पाहिली. तो खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. मी भुवया उंच केल्या. त्याने डावा हात वर केला — हरलो.

संध्याकाळी बटाटे भाजले. टिटवीने त्याला पाण्यात पाय सोडून बसवलं, उजवा पाय स्वतःच्या हातांनी उचलून पाण्यात ठेवला. "गार आहे का बाबा? या पायाला पण?" त्याने मान हलवली. या पायालाही.

तिघं एका ओळीत झोपलो. उंबरा सपाट केला होता, तो एकटा आत आला. कुणी धरलं नाही.

१० मे, रविवार

सकाळी टिटवी नळावर पाणी आणायला गेली होती. मी त्याच्या पायात बूट घालत होते. खाली मान घालून, नाडी बांधत.

तो म्हणाला, "खोली."

मला वाटलं भास. वर बघितलं. तोंड वाकडं करून, घाम फुटेपर्यंत जोर लावून, पुन्हा — "खो-ली." आणि डाव्या हाताचं बोट माझ्याकडे.

"कुठली खोली?" मी म्हटलं. मला माहीत होतं कुठली.

त्याने हवेत स्टिअरिंग धरलं आणि गाडी उलटी वळवून दाखवली. नदीपलीकडची ती गल्ली! तिथेच तर तो शिकाऊ लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवायचा. हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. "कधी पाहिलंस?" त्याने लुळ्या हाताकडे बोट केलं आणि मग खांद्यावरून मागे. याच्या आधी.

म्हणजे सगळे महिने. मी भरवत होते, पुसत होते, गोळ्या देत होते, आणि तो मला ओळखून होता.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि सांगितलं. सगळं. ऑगस्ट, शनिवार, शिंपीणबाई, त्याच्याआधीची पंधरा वर्षं. वाक्यं सुरू केली आणि मीच संपवली. तो ऐकत होता. मधेच तोंड उघडायचा, मिटायचा. खोली ठेवायची की सोडायची, ते काही ठरलं नाही. दोघांचेही डोळे वाहत होते. माझे कधी सुरू झाले, मला कळलंच नाही.

टिटवी बादली घेऊन आली आणि तंबूच्या दारातच थांबली. "भांडताय का?"

"हो," मी म्हटलं. "थोडा वेळ लागेल. तू खेळ जा."